टायटर वाढत नाही? सीएचओ आणि एचईके पेशींवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या प्रयोगशाळेत नोकरी लागते. महिनाभरात हातात एक प्लाझ्मिड (हव्या त्या प्रथिनाचं जनुक असलेला गोल डीएनए) आणि पेशींची एक व्हायल पडते आणि वर हुकूम येतो, “टायटर वाढवून दाखव.” टायटर म्हणजे दर लिटर द्रवात किती प्रथिन मिळालं. मग नवा माणूस महागड्या मीडियाचे (पेशींच्या खाद्यद्रवाचे) कोटेशन मागवतो, नाहीतर प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) बदलायला घेतो. या दोन्हींनी फरक पडतो, पण गळती बहुतेक वेळा भलतीकडेच असते आणि ती कुठे आहे हे शोधायला लागणारे आकडे कुणी लिहूनच ठेवलेले नसतात.

पेशी कोणती घ्यायची याचा निर्णय सोपा आहे. आठवड्याभरात काही मिलिग्रॅम प्रथिन हवं असेल तर एचईके २९३ (मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातल्या पेशी), तात्पुरत्या ट्रान्सफेक्शनने, म्हणजे डीएनए पेशीत सोडून, पण कायमचा न जोडता. तेच प्रथिन वर्षानुवर्षं, लिटरमागे ग्रॅमच्या हिशेबात लागणार असेल तर सीएचओची (चिनी हॅम्स्टरच्या बीजांडकोशातल्या पेशींची) स्थिर लाइन, म्हणजे जनुक कायमचं जोडलेल्या पेशी. औषध कंपन्या सीएचओलाच चिकटून बसल्यात त्याला इतिहास आहे. या पेशी १९५७ साली थिओडोर पक यांनी वेगळ्या केल्या आणि त्यांच्यातून बनलेल्या टीपीए (रक्ताची गुठळी विरघळवणारं) या पहिल्या औषधाला अमेरिकेत १९८७ साली मंजुरी मिळाली. तेव्हापासून त्यांचे गुणदोष सगळ्यांना पाठ आहेत.

सुरू करण्यापूर्वी जमवायची कागदपत्रं

- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची, म्हणजे आयबीएससीची, प्रकल्पाला मंजुरी. जनुक बदललेल्या पेशी परदेशातून मागवायच्या असतील तर ऑर्डर देण्याआधी समितीला विचारा. पार्सल कस्टममध्ये अडकलं की ड्राय आइस तुमच्यासाठी थांबत नाही.
- पेशी कुठून आल्या, कितव्या पॅसेजच्या (किती वेळा नव्या भांड्यात वाढवलेल्या), याचा दाखला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून घेतल्या तर तो सोबत येतो. शेजारच्या प्रयोगशाळेतून ‘अशीच एक व्हायल’ आणली तर येत नाही, आणि बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.
- मायकोप्लाझ्मा (पेशींच्या कल्चरमध्ये लपून राहणारा सूक्ष्म जीवाणू) चाचणीचा ताजा अहवाल.
- प्लाझ्मिडचा नकाशा आणि पूर्ण सीक्वेन्सची फाइल. नुसतं नाव पुरत नाही.
- जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या अधिकृत केंद्राशी करार आणि ऑटोक्लेव्हची नोंदवही.

उपकरणं: लॅमिनार हूड, सीओ२ इन्क्युबेटरमध्ये बसणारा ऑर्बिटल शेकर, झाकणाला फिल्टर असलेले शेक फ्लास्क, हिमोसायटोमीटर आणि ट्रायपॅन ब्लू, ग्लुकोज-लॅक्टेट मोजायचं यंत्र, ऑस्मोमीटर (नसेल तर कुणाचा तरी वापरायला मिळवा) आणि टायटर मोजायची एक भरवशाची पद्धत. अँटिबॉडी असेल तर प्रोटीन-ए एचपीएलसी, नसेल तर एलायझा. जेलवरची पट्टी ‘जाड दिसतेय’ हे मोजमाप नव्हे.

१. आधी दोन आकडे काढा

टायटर दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतं: एकूण किती पेशी किती दिवस जगल्या आणि प्रत्येक पेशीने दिवसाला किती प्रथिन बाहेर टाकलं. पहिल्याला आयव्हीसीडी म्हणतात, दुसऱ्याला क्यूपी.

रोज एकाच वेळेला नमुना घ्या. पेशींचं द्रव आणि ०.४ टक्के ट्रायपॅन ब्लू समसमान मिसळा, हिमोसायटोमीटरच्या चार कोपऱ्यांतल्या जिवंत पेशी मोजा. चार कोपऱ्यांत मिळून २४० निघाल्या तर सरासरी ६०, गुणिले २, गुणिले १०,०००, म्हणजे दर मि.ली.ला १२ लाख. निळ्या पडलेल्या मेलेल्या. नमुना रंगात दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवून चहाला गेलात तर चांगल्या पेशीही निळ्या पडायला लागतात. तीन-चार मिनिटांत मोजून टाका.

आता हिशेब. समजा तिसऱ्या दिवशी ४० लाख पेशी होत्या, चौथ्या दिवशी ६० लाख. त्या एका दिवसाची सरासरी ५० लाख. त्याच चोवीस तासांत टायटर दर मि.ली. ४० मायक्रोग्रॅमवरून ८० वर गेलं. वाढ ४० मायक्रोग्रॅम, भागिले ५० लाख, म्हणजे दर पेशीला दिवसाला ८ पिकोग्रॅम. चांगला सीएचओ क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेली लाइन) अँटिबॉडीसाठी २० च्या पुढे सहज जातो. तेव्हा इथे पेशींची वाढ ठीक आहे, पेशी प्रथिन बनवण्यात कमी पडतेय. मीडिया बदलून उपयोग नाही, क्लोन किंवा व्हेक्टर (जनुक वाहून नेणारा डीएनए) बघायला हवा.

उलट क्यूपी २० आहे पण पेशी ३० लाखांवरच अडकून सहाव्या दिवशी मरायला लागतात, असं असेल तर व्हेक्टरला हात लावू नका. खाणं, हवा, तापमान बघा. क्यूपी २० ठेवून आयव्हीसीडी दर मि.ली.ला ६ कोटी पेशी-दिवसांपर्यंत नेलात तर लिटरमागे १.२ ग्रॅम मिळतं. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय पुढच्या एकाही पायरीला हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. खोली, वीज आणि गॅस

पुस्तकं या भागाबद्दल बोलत नाहीत आणि ठाणे-नवी मुंबईत निम्म्या बॅचेस इथेच बुडतात.

*शेकर.* पावसाळ्यात वीज जाते, दहा-वीस सेकंदांत जनरेटर सुरू होतो, दिवे लागतात, सगळ्यांना हायसं वाटतं. पण पुष्कळ शेकर वीज परत आल्यावर आपोआप फिरत नाहीत, बटण दाबेपर्यंत गप्प बसतात. पेशी तळाला जाऊन बसतात, साचलेल्या थरातला ऑक्सिजन लवकर संपतो आणि सकाळी फ्लास्कच्या बुडाशी पांढरट गादी दिसते. शेकरच्या मेनूमध्ये ऑटो रीस्टार्टची सोय आहे का ते बघा, असेल तर चालू करा आणि प्लग ओढून स्वतः तपासा. नसेल तर शेकरला स्वतंत्र यूपीएस द्या.

*सीओ२ सिलिंडर.* आत द्रवरूप सीओ२ असतो, त्यामुळे द्रव शिल्लक असेपर्यंत दाबाचा काटा जागचा हलत नाही. काटा खाली यायला लागला म्हणजे सिलिंडर जवळपास संपलाच. काट्यावर विसंबू नका, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि रिकाम्याचं वजन त्यावर खडूने लिहा. शुक्रवारी संध्याकाळी वजन बघायची सवय लावा, रविवारी सिलिंडर पोचवायला कुणी येत नाही.

*बुरशी.* जून ते सप्टेंबर हवेतली दमट ओल सगळीकडे घुसते. कल्चर रूममध्ये पुठ्ठ्याचं एकही खोकं आणू नका, ओल्या पुठ्ठ्यावर बुरशी आठवड्यात धरते. टिप्स, फ्लास्क बाहेरच खोक्यातून काढा, पिशवी ७० टक्के अल्कोहोलने पुसा, मग आत न्या. इन्क्युबेटरमधल्या पाण्याच्या ट्रेमध्ये निर्जंतुक शुद्ध पाणी घाला आणि ते दर आठवड्याला बदला. नळाचं पाणी नको.

*मायकोप्लाझ्मा.* पेशी मरत नाहीत, द्रव गढूळ होत नाही, फक्त वाढ आणि टायटर दोन्ही हळूहळू खाली जातात. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून हा जीव निसटू शकतो. दोन आठवड्यांतून एकदा पीसीआर करा. नवी व्हायल आली की अहवाल येईपर्यंत ती वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. सापडलाच तर औषधं देत बसू नका, पेशी ऑटोक्लेव्ह करून टाका आणि स्वच्छ बँकेतून नवी व्हायल उघडा.

३. डीएनए

जनुकाचं कोडॉन हॅम्स्टर किंवा मानवी पेशींना जुळेल असं करून घ्या, सुरुवातीच्या एटीजीच्या आधी कोझाक क्रम जीसीसीएसीसी ठेवा, आणि बाहेर पडायच्या प्रथिनाला सिग्नल पेप्टाइड (पेशीबाहेरची वाट दाखवणारा सुरुवातीचा तुकडा) हवंच. सिग्नल पेप्टाइड बदलणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे. दोन-तीन वेगवेगळे लावून एचईकेमध्ये आठवड्यात तपासता येतात आणि कधी कधी तेवढ्यानेच टायटर दुप्पट होतं.

प्रमोटर म्हणून सीएमव्ही जोरदार चालतो, तात्पुरत्या कामाला उत्तम. स्थिर सीएचओ लाइनमध्ये मात्र त्यावर मिथाइल गट चढतात आणि काही महिन्यांत तो निजतो. तिथे ईएफ१-अल्फा जास्त टिकाऊ.

अँटिबॉडी असेल तर लाइट चेन हेवी चेनपेक्षा थोडी जास्त हवी. हेवी चेनला जोडीदार मिळाला नाही तर ती एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच अडकून बसते. तात्पुरत्या कामात दोन प्लाझ्मिडं असतील तर १:१, १:१.५, १:२ असं हेवी:लाइट प्रमाण ठेवून तीन छोटे फ्लास्क लावा.

प्लाझ्मिड एंडोटॉक्सिनमुक्त किटने काढा. २६०/२८० चं गुणोत्तर १.८ ते १.९ च्या आसपास, जेलवर बहुतांश सुपरकॉइल्ड. शेवटी ०.२२ मायक्रॉनने गाळा.

४. एचईकेमध्ये तात्पुरतं ट्रान्सफेक्शन (३० मि.ली.ची कृती)

१२५ मि.ली.चा फ्लास्क, त्यात ३० मि.ली. कल्चर. यापेक्षा जास्त भरलं की हवा पुरत नाही. शेकरचा घेर (तो ज्या वर्तुळात फिरतो त्याचा व्यास) २५ मि.मी. असेल तर १२५ आरपीएम, ३७ अंश, ८ टक्के सीओ२. घेर ५० मि.मी. असेल तर वेग ९५ च्या आसपास आणा. शेकरचा घेर किती हे त्याच्या मागच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. दुसऱ्याचा आरपीएम तसाच उचलणं ही फार जुनी चूक आहे.

आदल्या दिवशी पेशी १० ते १२ लाखांवर पातळ करा. दुसऱ्या दिवशी २० लाखांच्या आसपास हव्यात आणि व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ९५ टक्क्यांच्या वर. ९० असेल तर ट्रान्सफेक्शन पुढे ढकला. त्या दिवशी घाई केलीत तर प्लाझ्मिड आणि आठवडा दोन्ही वाया.

- ३० मायक्रोग्रॅम डीएनए १.५ मि.ली. ताज्या मीडियात.
- ९० मायक्रोग्रॅम पीईआय (पॉलिइथिलिनइमाइन, डीएनए पेशीत नेणारं धनभारित द्रव्य) दुसऱ्या १.५ मि.ली. मीडियात.
- पीईआय डीएनएमध्ये ओता, लगेच हलवा, १० ते १५ मिनिटं ठेवा. टायमर लावा. अर्धा तास ठेवलं की कण मोठे होतात आणि पेशींना झेपत नाहीत.
- फ्लास्क हलवत थेंबथेंब सोडा.
- चोवीस तासांनी व्हॅल्प्रोइक आम्ल ३.५ मिलिमोलर आणि ट्रिप्टोन एन१ अर्धा टक्का.
- पाचव्या ते सातव्या दिवशी काढणी.

पीईआयबद्दल दोन गोष्टी. सरळ साखळीचा (लिनिअर) साधा २५,००० रेणुभाराचा पीईआय गार पाण्यात विरघळत नाही, गरम करावा लागतो किंवा आम्ल घालून पीएच खाली न्यावा लागतो, मग सोडिअम हायड्रॉक्साइडने ७.० वर आणायचा. ४०,००० चा मॅक्स प्रकार पाण्यात सरळ विरघळतो, नव्या माणसाने तोच घ्यावा. १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. करून गाळा, छोट्या भागांत गोठवा आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. नवा लॉट आला की डीएनए:पीईआय १:२, १:३, १:४ अशी परीक्षा एकदा घ्याच.

आणि मुख्य सापळा: काही मीडियांत पेशी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून हेपरिन किंवा डेक्स्ट्रान सल्फेटसारखी द्रव्यं घातलेली असतात. ती ऋणभारित असतात, पीईआयला पकडून ठेवतात आणि डीएनए आत जातच नाही. पेशी सुंदर वाढतात, प्रथिन शून्य. सोबत जीएफपीचा (हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचा) एक फ्लास्क लावला की ४८ तासांत हे कळतं. हा नियंत्रण फ्लास्क कधीच वगळू नका.

५. सीएचओची स्थिर लाइन

जगायला लागणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक आपल्या जनुकासोबत द्यायचं आणि ते न मिळालेल्या पेशी औषधाने मारायच्या, अशी ही निवड. दोन वाटा चालतात. डीएचएफआर नसलेल्या पेशी (डीजी४४) आणि मेथोट्रेक्सेट, किंवा ग्लुटामाइन सिंथेटेज आणि एमएसएक्स (ते एन्झाइम रोखणारं औषध). दुसरी वाट लवकर संपते. ग्लुटामाइन नसलेला मीडिया, २५ ते ५० मायक्रोमोलर एमएसएक्स. कुणी चुकून ग्लुटामाइन असलेली बाटली उघडली तर निवड होतच नाही आणि पंधरा दिवस तुम्ही बिनकामाच्या पेशी पाळत बसता. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा.

निवडीचं औषध घातल्यावर आठवड्याभरात व्हायबिलिटी ३० टक्क्यांपर्यंत कोसळते. घाबरून फेकू नका. दोन ते चार आठवड्यांत वाचलेल्या पेशी उभ्या राहतात. या काळात त्यांना फार पातळ करू नका, गरज पडली तर फक्त मीडिया बदला.

मग क्लोनिंग. ९६ खणांच्या प्लेटमध्ये खणामागे सरासरी अर्धी पेशी टाकली, तर ज्या खणांत वाढ दिसते त्यांतले साधारण ७७ टक्केच एका पेशीतून आलेले असतात. उरलेले मिश्र. म्हणून लिमिटिंग डायल्यूशन दोनदा करतात, किंवा शून्याव्या दिवसापासून खणाचे फोटो काढून ठेवतात.

क्लोन निवडताना प्लेटमधलं टायटर बघून पहिला नंबर काढू नका. प्लेटमध्ये जास्त प्रथिन देणारा क्लोन फ्लास्कमध्ये बरेचदा मागे पडतो. वरचे वीस-पंचवीस तरी पुढे न्या, फीड घातलेल्या फ्लास्कमध्ये पळवा, क्यूपी काढा. शेवटच्या पाच-सहा जणांना साधारण ६० पिढ्या औषधाशिवाय वाढवून बघा. दुप्पट व्हायला २४ तास धरले तर दोन महिने. कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं.

बँक करताना दर मि.ली. १ कोटी पेशी, १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला एक अंश या वेगाने गार, मग द्रव नायट्रोजनच्या वाफेत. एका व्हायलची चाचणी करा, सगळ्या चांगल्या आहेत असं गृहीत धरू नका.

६. फीड

सुरुवात दर मि.ली. ३ लाखांनी. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड आकारमानाच्या ३ ते ४ टक्के फीड (पेशींना वरून घालायचं दाट खाद्य). ग्लुकोज रोज मोजा, लिटरमागे ३ ग्रॅमच्या खाली गेलं की ५ ते ६ पर्यंत आणा. एकदम १० ग्रॅम ओतून सुट्टीवर जाऊ नका, जास्तीच्या ग्लुकोजचं पेशी लॅक्टेट करतात.

लॅक्टेट आधी चढतं आणि मग निरोगी बॅचमध्ये पेशी तेच खायला लागतात, साधारण पाचव्या-सातव्या दिवसाच्या दरम्यान. हे वळण आलंच नाही तर क्रमाने बघा: ऑक्सिजन पुरतोय का, ग्लुकोज जास्त होतंय का, मीडियात तांबं कमी आहे का. लॅक्टेट चढत राहिलं की पीएच पडतो, तो सावरायला तुम्ही अल्कली घालता, त्याने ऑस्मोलॅलिटी (द्रवात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) वाढते. सुरुवातीला ती ३०० च्या आसपास असते, ४५० पार गेली की पेशींची वाढ थांबते. म्हणजे बॅच मारतं लॅक्टेट आणि दोष जातो अल्कलीवर.

दोन भागांचे फीड असतील तर ते कधीही एकत्र मिसळू नका. टायरोसिन आणि सिस्टिन साध्या पीएचला विरघळत नाहीत, म्हणून दुसरा भाग तीव्र अल्कधर्मी असतो. दोन्ही एका नळीत मिसळलेत की पांढरा साका बसतो आणि महागडी अमिनो आम्लं तळाशी जातात. वेगवेगळे, सावकाश, फ्लास्क हलवत घाला.

बायोरिॲक्टरवर गेलात तर पोलोक्सॅमर १८८ लिटरमागे १ ग्रॅम मीडियात आहे ना ते बघा. बुडबुडे फुटताना पेशी फाटतात, त्यापासून तो वाचवतो. विरघळलेला ऑक्सिजन हवेच्या संपृक्ततेच्या ३० ते ५० टक्के, पीएच ६.८ ते ७.२.

७. तापमान खाली आणणं, आणि ठाण्यातला मे महिना

पेशी पुरेशा झाल्या की ३७ वरून ३२ अंशांवर आणतात. वाढ मंदावते, पेशी जास्त दिवस टिकतात, बऱ्याच क्लोनमध्ये क्यूपी वाढतो. पाचवा दिवस किंवा १ कोटी पेशी, जे आधी होईल ते, असं धरून सुरुवात करा. लवकर केलंत तर पेशीच कमी पडतात.

अडचण अशी की साधा सीओ२ इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही. तो खोलीच्या तापमानापेक्षा निदान पाच अंश वरच नीट चालतो आणि आतल्या शेकरची मोटर स्वतःची ऊब देते. एसी रात्री बंद होणाऱ्या गाळ्यात मे महिन्यात खोली ३२-३३ अंशांवर जाते. तुम्ही पडद्यावर ३२ टाकून घरी जाता आणि पेशी रात्रभर ३६-३७ वरच असतात. मग ‘आमच्या क्लोनला तापमान मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. शेकरच्या प्लॅटफॉर्मवर पाण्याचा एक फ्लास्क ठेवा, त्यात नोंद ठेवणारा थर्मामीटर घाला आणि रात्रभराचा आलेख बघा. गार करणारं यंत्र नसेल तर ही पायरी तूर्त सोडून द्या.

८. प्रथिन पेशीतच अडकलंय का?

क्यूपी कमी असेल तर पेशी फोडून वेस्टर्न ब्लॉट करा, गाळ (म्हणजे फोडलेल्या पेशी) आणि वरचं द्रव (म्हणजे मीडिया) शेजारी-शेजारी.

- दोन्हीकडे काही नाही: आरएनए मोजा. तोही कमी असेल तर व्हेक्टर किंवा प्रमोटर बघा.
- गाळात भरपूर, द्रवात कमी: घडी किंवा स्राव अडकला. सिग्नल पेप्टाइड, चेनचं प्रमाण, कमी तापमान.
- द्रवात तुकडे: प्रोटिएज (प्रथिनं कापणारी एन्झाइमं). काढणी एक-दोन दिवस आधी करा.

प्रत्येक बदलानंतर ग्लायकनही तपासा. अमोनिया, तापमान, फीड यांनी साखरेच्या साखळ्या बदलतात. टायटर वाढलं आणि रेणू बदलला तर त्या वाढीला कुणी विचारत नाही.

९. काढणी

व्हायबिलिटी ७० ते ८० टक्क्यांच्या खाली जायच्या आत. पुढे थांबलात तर टायटर थोडं वाढेल, पण फुटलेल्या पेशींचा डीएनए आणि प्रथिनं शुद्धीकरणात तुम्हालाच काढावी लागतील. आधी सेंट्रिफ्यूज, मग ०.४५ आणि ०.२२ मायक्रॉन.

हिस-टॅगचं (निकेलला चिकटणारी हिस्टिडिनची शेपटी लावलेलं) प्रथिन असेल तर द्रव सरळ निकेल कॉलमवर चढवू नका. मीडियातली काही द्रव्यं निकेल धुऊन काढतात, निळा कॉलम तुमच्या डोळ्यांदेखत पांढरा पडतो. आधी बफर बदला, किंवा असा मीडिया सोसणारं रेझिन घ्या. आणि शुद्धीकरण हाती येईपर्यंत कॉलममधून वाहून गेलेलं द्रव फेकू नका, ४ अंशांवर ठेवा. हरवलेलं प्रथिन बरेचदा त्याच बाटलीत असतं.